‘मी’ला फॉल-आउट करू नका, साहेब

(एका निवृत्त कर्नलसाहेबांना खुलं पत्र)

आदरणीय कर्नलसाहेब,
जय हिंद.

मागच्या महिन्यात आमच्या गावी, सैन्यभरतीत निवड झालेल्या मुलांच्या सत्काराला तुम्ही प्रमुख पाहुणे म्हणून आलात. भाषण आटोपून मंचावरून उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलंत, “काय सुभेदारसाहेब, कसं झालं?” मी टाचा जुळवून म्हणालो, “एकदम छान झालं, सर.”

ते उत्तर खरं नव्हतं. तुम्हाला खूश करावं असं काही माझ्या मनात नव्हतं. पण सव्वीस वर्षं साहेबांनी जेवण कसं विचारलं की छान, तब्येत कशी विचारली की छान, ती सवय माझ्या आधी बोलून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर मुलांची तोंडं बघितली तेव्हा ठरवलं, की साहेबांना खरं उत्तर द्यायचं. भाषण तीन-चारशे माणसांसमोर झालं होतं, आणि हेच भाषण तुम्ही आसपासच्या गावांतही करणार आहात असं आयोजकांनी माइकवरून जाहीर केलं होतं. म्हणून हे पत्रही सगळ्यांसमोर लिहितो आहे. हुद्द्यानं मी तुमच्याहून लहान आहे, ते विसरलेलो नाही. तुम्ही स्वतःचं पेट्रोल जाळून, मानधन न घेता आलात, मुलांच्या आयांना वाकून नमस्कार केलात, हेही विसरलेलो नाही. त्यामुळेच तुमचं भाषण आणखी चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं.

भाषणाचा गाभा मला जसा आठवतो तसा लिहितो. तुम्ही म्हणालात, आजची पिढी मी, मला, माझं यात बुडालेली आहे. आमच्या वेळी असं नव्हतं. फौजेत ‘मी’ मरतो आणि ‘आम्ही’ जन्माला येतो. तेव्हा ट्रेनिंग सेंटरच्या गेटवर आपला ‘मी’ उतरवून ठेवा आणि मगच आत पाऊल टाका. त्यावर टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

आता समोर कोण बसलं होतं ते सांगतो, कारण मंचावरून ते दिसत नाही. पहिल्या दोन रांगांतली बहुतेक मुलं माझ्या ग्राउंडवरची. निवृत्तीनंतर मी गावच्या माळावर त्यांची तयारी करून घेतो. फी घेत नाही. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत, बीमला दहा पुलअप, नऊ फुटी खड्डा, आणि आता त्याच्या आधी ऑनलाइन लेखी परीक्षा. यातला एक मुलगा पहाटे चारला उठतो, दोन म्हशींच्या धारा काढतो, डेअरीत दूध घालतो आणि मग पळत ग्राउंडवर येतो. वडील नाहीत. बहीण नर्सिंगला आहे. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिन्याला 30 हजार मिळतात, त्यातले 9 हजार सेवानिधीसाठी कापले जाऊन 21 हजार हातात येतात, हा हिशेब त्याला पाठ आहे. त्या 21 हजारांतले बहिणीच्या फीला किती, आईच्या औषधाला किती, हे त्यानं माझ्यासमोर वहीत मांडलं. स्वतःच्या खर्चासाठी त्यात ओळच नव्हती. मी विचारलं, तर म्हणाला, “मला काय लागतंय सर, जेवण तर लंगरमध्येच.”

साहेब, या मुलाला तुम्ही सांगितलंत की तू फक्त स्वतःचा विचार करतोस. त्यानं मान खाली घातली आणि ते मान्य केलं. मोठा माणूस सांगतोय म्हणजे आपल्यात तसं काहीतरी असणारच, असं त्याला वाटलं.

शहरात, महाविद्यालयांत, मोबाईलच्या पडद्यावर तुम्ही जे बघता ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. वर्दीची शिलाईसुद्धा न झालेली पोरं वर्दीतले रील टाकतात, हे मीही बघतो आणि मलाही राग येतो. पण तो राग या दोन रांगांवर काढायचा नव्हता. पिढी म्हणून कुणी भरती होत नाही. नाव पुकारलं की एक-एक जण उभा राहतो.

कार्यक्रमानंतर मंडपामागच्या नळावर हात धुताना तोच मुलगा मला म्हणाला, “सर, चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांत यायचं असं मी ठरवलंय. साहेब म्हणाले तसं बघितलं तर हे चूक आहे ना?”

मला उत्तर देता आलं नाही. भाषणातली सगळ्यात मोठी फट त्यानं एका प्रश्नात दाखवली होती. अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली. तुम्ही-मी भरती झालो तेव्हाचं गणित वेगळं होतं. एकदा पलटणीत गेलं की पंधरा-वीस वर्षांची निश्चिंती, पेन्शन, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी कसलीही स्पर्धा नाही. आजच्या नियमाप्रमाणे चार वर्षं संपली की एका तुकडीतले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतात. बाकीचे साधारण 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी घेऊन घरी येतात, पेन्शन नाही. कोण राहणार हे चार वर्षांतल्या प्रत्येकाच्या कामगिरीवर ठरतं. म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्रपणे मोजलं जाणार आहे, गुण दिले जाणार आहेत. योजना बरी की वाईट, हा या पत्राचा विषय नाही. पण जी व्यवस्था चार वर्षं एकेकाला वेगवेगळं तोलणार आहे, तिच्या दारात उभं राहून आपण मुलांना सांगतो, की स्वतःचा विचार करणं पाप आहे. मुलं काही बोलत नाहीत. पण विसंगती त्यांना कळते, आणि ज्यानं सांगितलं त्याच्यावरचा विश्वास तिथेच थोडा कमी होतो.

खरं तर या मुलांना तुमच्यासारख्या माणसाकडून नेमकं हेच ऐकायचं होतं. चौघांतला एक राहणार असेल तर उरलेल्या तिघांशी कसं वागायचं? बडी म्हणून ज्याच्याशी जोडी लावली, त्याच्याच जागेवर डोळा ठेवायचा का? आपल्याला येतं ते त्याला शिकवायचं की लपवायचं? माझ्या नोकरीत हा प्रश्न मला कधी पडला नाही, म्हणून माझ्याकडे अनुभवाचं उत्तर नाही. तुम्ही कंपनी चालवली, पलटण चालवली, माणसांचे रिपोर्ट लिहिले. चांगल्या कमांडरच्या नजरेत कोण भरतो, एकटा पुढे पळणारा की दोघांना घेऊन पुढे येणारा, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकता. भाषणात त्यावर पाच मिनिटं दिलीत तर ती पाच मिनिटं मुलं आयुष्यभर विसरणार नाहीत.

आता तुम्ही दिलेल्या उदाहरणांकडे येतो. तुम्ही मराठा रेजिमेंटच्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची नावं घेतलीत, नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. नावं घेतलीत याचा अभिमान वाटला, कारण आमच्याकडच्या निम्म्या पोरांना ती माहीत नव्हती. पण तुम्ही म्हणालात, की हे दोघं ‘मी’ विसरले म्हणून अमर झाले. साहेब, दोघांनी काय केलं ते एकदा सावकाश आठवून बघा.

10 जुलै 1944. इटलीतलं तिबेर नदीचं वरचं खोरं. यशवंत घाडगे सेक्शन कमांडर, वय बावीस. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे घाडगे. तिथे ‘आम्ही’ शिल्लकच नव्हतं. मागं सरकले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते एकटे पुढे धावले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला.

नऊ महिन्यांनी, 9 एप्रिल 1945 ला, इटलीतच सेनिओ नदीवर नामदेव जाधव. हे तर कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई. सोबतची तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून, चढणीच्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवलं. तेवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. ते परत फिरले आणि एकट्यानं तीन मशीनगन पोस्ट बंद पाडल्या. हाताला जखम झाली, टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ग्रेनेडवर भागवलं. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावलं. रनरच्या कामात हे कुठेच बसत नाही. ‘आता मी जातो’ असं त्या क्षणी त्यांनी स्वतःशी ठरवलं. हा ‘मी’ सेंटरच्या गेटवर उतरवून ठेवला असता, तर त्या दोन जखमींना पाठीवर घ्यायला त्या दिवशी कुणीच नव्हतं.

आणखी एक नाव तुम्ही घेतलं नाहीत, ते घ्यायला हवं होतं. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पूना हॉर्स. जन्म पुण्याचा. खडकवासल्याला एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, परेड ग्राउंड त्यांच्याच नावाचं आहे. 16 डिसेंबर 1971, बसंतरची लढाई, वय एकवीस. रणगाड्यानं पेट घेतला होता, रेडिओवर वरिष्ठांनी बाहेर पडायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, या अर्थाचं ते बोलले, लढत राहिले आणि तिथेच गेले. परमवीर चक्र मिळालं. साहेब, हुकूम मोडणं चांगलं असं मी मुलांना कधीच सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. पण एकवीस वर्षांच्या मुलाला परिस्थिती दिसते, स्वतःचं मत असतं आणि त्या मताची पूर्ण किंमत मोजायची तयारी असते, याचा आपल्या सैन्याला अभिमान आहे. आपण त्याला सर्वोच्च मान दिला. मग मुलांसमोर ‘मत ठेवू नका’ अशा अर्थाचं बोलायचं कशासाठी?

कारगिलमध्ये टायगर हिलवर योगेंद्रसिंह यादव एकोणीस वर्षांचे होते. आमच्या मंडपात बसलेल्या पोरांच्याच वयाचे. अंगावर गोळ्या झेलून, सोबतचे सगळे पडल्यावर, ते घरंगळत खाली आले आणि शत्रू कुठल्या पोस्टवर हल्ला करणार आहे ते आपल्या माणसांना सांगितलं. हे सांगायचं तर आधी ते कानांनी टिपायला हवं, ध्यानात ठेवायला हवं, आणि मरणाच्या दारात डोकं चालू ठेवायला हवं.

पुढचं लिहिताना हात जड होतो. 1997 च्या सुमारास मी एका प्रशिक्षण केंद्रात उस्ताद होतो. तुम्ही भाषणात जे म्हणालात, नेमकं तेच मी तेव्हा रंगरुटांना रोज सांगायचो. ‘तू कोण? तू कुणी नाहीस. तुझं दुखणं, तुझी भूक, तुझी आई, सगळं गेटबाहेर.’ माझ्या स्क्वॉडमध्ये एक मुलगा होता, विदर्भातला, फार कमी बोलणारा. आठव्या-नवव्या आठवड्यात तो पळताना मागे पडायला लागला. एकदा हळूच म्हणाला, “उस्ताद, नडगी दुखते.” मी सगळ्यांसमोर त्याला बहाणेबाज म्हटलं आणि वर रगडा लावला. त्यानंतर तो बोललाच नाही. एम.आय. रूमला, म्हणजे तपासणीच्या दवाखान्यात, गेला नाही, सिक रिपोर्ट केला नाही, दात चावून पळत राहिला. तीन आठवड्यांनी एका सकाळी पी.टी.त कोसळला. हाडाला आधी बारीक चीर होती, ती पार आरपार गेली होती. आधी मागच्या बॅचला गेला, मग मेडिकल बोर्ड झालं आणि घरी पाठवला गेला.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यानं मला उशीवर डोकं ठेवूनच ‘राम राम उस्ताद’ केला आणि म्हणाला, “तुम्ही सांगितलं होतं ना, मी म्हणायचं नाही.” त्यानं टोमणा मारला नव्हता. त्यानं शिकवण पाळली होती. मी त्याला सहनशक्ती शिकवत होतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी त्याला गप्प बसायला शिकवलं. नवख्या रंगरुटाच्या नडगीला अशी चीर पडते, हे प्रत्येक सेंटरच्या डॉक्टरला माहीत असतं, वेळेत कळली तर काही आठवड्यांच्या विश्रांतीनं बरी होते. ती वेळेत कळायला त्या मुलाच्या तोंडून एकच वाक्य यायला हवं होतं, ‘मला दुखतंय’. त्यात ‘मला’ होतं.

त्या मुलाचं नाव मी कुठे घेत नाही. पण ग्राउंडवर कुणी लंगडताना दिसला की मी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवतो. लोक म्हणतात, सुभेदार मऊ झाला. होऊ दे.

म्हणून भाषणातलं ते एक वाक्य तर पूर्ण काढून टाका, अशी हात जोडून विनंती आहे. ‘डिप्रेशन वगैरे मोबाईलच्या पिढीचे चोचले आहेत’ हे वाक्य. सैन्यात आत्महत्या होतात, हे सरकारनं संसदेत वेळोवेळी आकड्यांसह सांगितलेलं आहे. तुम्ही कमांडिंग ऑफिसर होता, अशा वेळी गावाकडे फोन करायची पाळी कदाचित तुमच्यावरही आली असेल. मन जड झालेला एकोणीस वर्षांचा मुलगा रायफल घेऊन रात्री संत्री म्हणून एकटा उभा असतो. त्यानं बडीला, प्लाटूनच्या जेसीओला, म्हणजे माझ्यासारख्या सुभेदाराला, कुणाला तरी सांगावं अशी आपली इच्छा असेल, तर भरती होण्याआधीच त्याच्या कानावर ‘चोचले’ हा शब्द पडता कामा नये. सैन्यात सांगायच्या जागा नाहीत असंही नाही. सैनिक संमेलनात साधा जवानसुद्धा उभा राहून सी.ओ. साहेबांसमोर बोलू शकतो. बाहेरच्या किती कंपन्यांत शिपायाला ही सोय असते? हे तुम्ही सांगितलंत तर मुलांच्या आयांना धीर येईल.

बडी या शब्दाचा तरी काय अर्थ आहे? बर्फात ड्यूटी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, आपल्या नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग पडला तर तो आपल्याला दिसत नाही, कळतही नाही, तोवर तिथलं मांस बधिर झालेलं असतं. तो बडीला दिसतो. त्याला माझा चेहरा नीट ओळखीचा असेल तरच फरक दिसणार. म्हणजे त्याला मी हवा असतो, रंगरूट नंबर अमुक-अमुक नको असतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. त्याच्या आईला तो ‘पिढी’ म्हणून आठवत नसेल.

शिस्तीबद्दल. तुम्ही म्हणालात, ‘का’ विचारायची सवय सोडा. मोबाईलबद्दल बोलतानाही एवढंच म्हणालात, की मोबाईल बंद म्हणजे बंद. बाब योग्य होती. पण जुलै 2020 मध्ये सैन्यानं जवानांना 89 ॲप काढून टाकायला सांगितली, ती का, हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर? एका फोटोत मागचा डोंगर दिसतो, गाडीवरची खूण दिसते, त्यावरून पलटण कुठे आहे ते शत्रूला कळतं, आणि तुमच्या एका लाइकसाठी दुसऱ्याच्या घरात अंधार होतो. एवढं ऐकल्यावर आमच्या पोरांनी त्याच रात्री फोन साफ केले असते.

हुकुमासोबत कारण देणं ही काही आजची ढिलाई नाही. तुम्ही भाषणाची सुरुवात शिवछत्रपतींच्या नावानं केलीत. महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र तुम्ही नक्की वाचलं असेल. त्यातलं रयतेच्या भाजीच्या देठाचं आपण सगळेच सांगतो. पण पूर्ण पत्र वाचताना मला दरवेळी नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दाणागोटा जपून वापरा, एवढं लिहून ते थांबत नाहीत. आत्ता उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेला छळाल, मग रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे, असं एकातून दुसरं उलगडून सांगतात. रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, गवत गेलं की घोडी गेली, घोडी गेली की लष्कर गेलं. उंदरापर्यंत! छत्रपतींना नुसतं ‘दिवे विझवा’ म्हणता आलं नसतं का? कुणाची छाती होती ‘का’ विचारायची? तरी त्यांनी कारण लिहिलं. कारण कळलेला माणूस कुणी बघत नसतानाही दिवा विझवतो.

मुलींचंही एक सांगतो. दुसऱ्या रांगेत तीन मुली होत्या, त्यांची निवड अजून व्हायची आहे, पण त्या वर्षभर मुलांबरोबर पळताहेत. तुम्ही शेवटपर्यंत ‘मर्द बना’ म्हणत राहिलात. 30 मे 2025 ला एनडीएच्या परेडमधून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. शब्द बदलायला एवढं कारण पुरेसं आहे.

आणि आता ज्या शब्दापाशी मी सगळ्यात जास्त वेळ अडलो तो. तुम्ही म्हणालात, ‘मी’ सोडा, ‘आम्ही’ व्हा. साहेब, आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. हिंदीत एक ‘हम’ आहे, आपल्याकडे दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही निघालो’ म्हटलं की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण निघालो’ म्हटलं की तोही चालायला लागतो. तुमच्या भाषणात ‘आम्ही’ पुष्कळ वेळा आलं, ‘आमच्या वेळी’, ‘आमची पिढी’, ‘आम्ही असे नव्हतो’, आणि समोर ‘तुम्ही’. ‘आपण’ एकदाही आलं नाही. मधे एक कुंपण उभं राहिलं, आणि पोरं त्या कुंपणापलीकडून टाळ्या वाजवत होती.

फौजेतल्या त्यागाचं सगळ्यात गाजलेलं वचन कुणाला उद्देशून आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. 10 डिसेंबर 1932 ला डेहराडूनच्या अकादमीत तेव्हाचे सरसेनापती चेटवुड बोलले. आधी देशाची सुरक्षितता, मान आणि हित, नेहमी आणि प्रत्येक वेळी. मग तुमच्या हाताखालच्या जवानांचा मान, हित आणि सोय. तुमची स्वतःची सोय आणि सुरक्षितता सगळ्यात शेवटी. हे त्यांनी रंगरुटांना सांगितलं नाही. अधिकारी होणाऱ्या कॅडेटांना सांगितलं. स्वतःला शेवटी ठेवण्याची शपथ आधी वरच्यांनी घ्यायची, मग खालच्याचा ‘मी’ आपोआप सैल होतो. मी असे साहेब पाहिले आहेत. सगळे जेवल्याशिवाय ताट हातात न घेणारे. त्यांच्यासाठी आम्ही काय करायला तयार नव्हतो! त्यांनी ‘मी मारा’ असं आम्हाला एकदाही सांगितलं नाही. तुम्हीही तसेच साहेब होता, हे तुमच्या पलटणीतला आमच्या शेजारच्या गावचा हवालदार आजही सांगतो. मग तुमच्या भाषणात तुम्ही स्वतः का नव्हता?

नुसती टीका करून थांबणं बरं दिसत नाही. भाषणाचा शेवट मी माझ्या कुवतीनं लिहून पाहिला आहे. यातलं पटेल तेवढं घ्या, बाकीचं खोडा.

“पोरांनो, पोरींनो, आज तुमची नावं पुकारली गेली. ते नाव जपा. थोड्या दिवसांनी तुम्हाला नंबर मिळेल, सगळ्यांसारखे केस, सगळ्यांसारखे कपडे मिळतील, आणि काही आठवडे असं वाटेल की आपण कुणीच उरलो नाही. ते दिवस जातात. शेजारच्या खाटेवरचा पोरगा तुम्हाला नावानंच हाक मारेल. उस्ताद ओरडेल. त्या क्षणी मुकाट्यानं करा, आणि कळलं नसेल तर संध्याकाळी जाऊन विचारा, चांगला उस्ताद सांगतो. दुखलं तर त्याच दिवशी सांगा, दहा जणांचा सेक्शन तुमच्या एका पायावर अडतो. पहिला नंबर काढायचाय? जरूर काढा. आणि रायफल खोलायला-जोडायला ज्याला जमत नाही त्याच्याशेजारी रात्री तासभर बसा. चार वर्षांनी तुमच्यातले काही राहतील, बरेच जण घरी येतील. घरी येणारा हरला असं कुणी म्हणालं, तर मला सांगा, मी त्याच्याशी बोलायला येईन. हुकूम आला की पाळायचा, तिथं वाद नाही. पण एखादी रात्र अशी येते की हुकूम द्यायला कुणी उरत नाही. त्या रात्री काय करायचं हे तुम्हाला एकट्याला ठरवावं लागेल. मी अशी रात्र पाहिली आहे. मला भीती वाटली होती. ती रात्र कशी काढली, ते सांगतो...”

पुढचं मला लिहिता येणार नाही. ती रात्र तुमची आहे. त्या मंडपात तुमच्या छातीवरची पदकं सगळ्यांनी बघितली, पण ती कशाची हे तुम्ही सांगितलंच नाहीत. पोरं मला नंतर विचारत होती.

आमची मुलं पुढच्या महिन्यात मिरजेहून रेल्वेनं निघतील. त्याआधी कुठल्याही दिवशी सकाळी माळावर या. मंडप नसेल, माइक नसेल, हार-तुरे नसतील. चहा माझ्या घरून येईल. साडेपाचला पळणं सुरू होतं, पण सहापर्यंत थांबावं लागेल. तो नळावरचा मुलगा दूध घालून सहाला पोचतो, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

तुमचा विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार